सोनाजीनं कॉम्प्युटर उघडला तो दिवस

मला लिहायची सवय नाही. पण सोनाजी गेल्या महिन्यात गेला, आणि त्याच्याविषयी कुणी काही लिहिलं नाही, म्हणून बसलो.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. करमाडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मी अकरा वर्षं गेटवर काढून स्टोअरमध्ये कारकून झालेलो. १९९४च्या जानेवारीत पहिला कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी तो माझ्याकडे दिला. नऊ फ्लॉप्या एकामागून एक घालून आधी त्यात ऑपरेटिंग सिस्टीम भरायची होती. त्याशिवाय मशीन कामाचं नव्हतं. तीनदा भरायला घेतलं, तीनदा मधेच पडदा गोठला.

ते विद्यापीठाच्या नामविस्ताराचे दिवस. शहरात तणाव, गाड्यांचा भरवसा नाही, त्यामुळे पुण्याचा इंजिनिअर येईना. साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "मोर्चात फिरणारे हात हे. नवीन मशीन बिघडवलं. कडुबा, उद्या संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही, तर तू परत गेटवर."

मोर्चात मी होतोच. आणि चूकही माझीच असणार, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी आला. "कुठं अडलं?"

"आधी तिसऱ्या फ्लॉपीला, मग सातवीला, मग पाचवीला." भीतीपोटी मी चिठ्ठीवर टिपून ठेवलं होतं.

चिठ्ठी बघून तो हसला. "लई भारी काम केलं की, कडुबाभाऊ! फ्लॉपी खराब असती तर दर खेपेला तिथंच ठेच लागली असती. हे तर वाट्टंल तिथं पडतंय. म्हंजी वाट बरी हाय, जनावर आजारी हाय."

त्यानं स्क्रू फिरवायला घेतले.

"अरे, वॉरंटी जाईल!"

"अन् तुमच्या नोकरीची वॉरंटी कोणी दिलीय?"

आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. "कळपात रोग शिरला की माझा बाप कुंपण घालून दोन वाडगी करायचा," तो म्हणाला. "अर्धी मेंढरं इकडं, अर्धी तिकडं. मग बघायचं, मरतंय कुठं. मधी दुसरं काय बी बदलायचं नाय."

त्यानं एक पट्टी काढून ठेवली. चौथ्या फ्लॉपीला पडदा गोठला. माझं तोंड उतरलं, तो मात्र खूश. "घावलं!" आतली काढली, बाहेरची बसवली. या खेपेला नववी फ्लॉपीही पार पडली आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकायला लागली. माझे डोळे भरून आले. तो म्हणाला, "एकदा चाललं म्हंजी काय नाय. पुन्हा पहिल्यापासून करा." पुन्हाही चाललं.

साहेब आले. "कुणी उघडलं हे?"

"म्या," सोनाजी म्हणाला. "पण बिघाड ह्यांच्या चिठ्ठीनं घावला. पट्टीच खराब आली व्हती, साहेब. ह्यांचा हात नाय त्यात."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि ते निघून गेले. निवृत्त होईपर्यंत मी त्याच टेबलावर होतो.

झाकण उघडल्याबद्दल सोनाजीला मेमो मिळाला. मला लाज वाटली, म्हणून माफी मागायला गेलो. तो जेवत होता. मेमो समोर पसरलेला, त्यावर लोणच्याची फोड.

"बसा," तो म्हणाला, "भाकर खा."