कुलर आणि बिनसहीचा ड्रायव्हर

कुलरच्या ओल्या गवताचा वास आला, की मला ती दुपार आठवते बाई. पिपरी मेघेतलं आमचं घर नुसतं भाजत होतं. सुनेला एका घराचं चित्र कॉम्प्युटरवर काढून संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, तरच नोकरी. पण चित्रासाठी बसवलेल्या नव्या ग्राफिक्स कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो निघाला बीटा, म्हणजे कच्चाच. त्यावर खरेपणाची कंपनीची सही नाही म्हणून कॉम्प्युटर त्याला आत घेईना. शेवटी तिने ती सहीची तपासणीच बंद केली आणि ड्रायव्हर चढवायला घेतला. "आई, आता लाइट गेली तर हा कॉम्प्युटर उघडाचाच नाई," ती म्हणाली, अन् लाइट असूनही, ड्रायव्हर चढता चढता स्क्रीन काळी झाली. आमच्याकडे कुलर सुरू केला की लाइट हमखास झपकन जायची. तेवढ्यात हे वावरातून घामाघूम आले ते थेट कुलरच्या बटनाकडे. मी बटनाला पाठ लावून उभी राहिले. "काऊन वं, मारून टाकतं का मले?" "पाच मिनिटं थांबा, मंग मरजा!" मग आम्ही तिघंही त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिलो. एकदम ती उजळली, अन् आत सुनेनं काढलेलं घर, खिडक्यांसकट. सून खुर्चीतच रडायला लागली. नोकरी लागली तिला. हे मात्र अजूनही कुलर लावायच्या आधी मला नाही, सुनेलाच विचारतात, "लावू का वं पोरी?"