तोरण न बांधलेला पोळा

पंचफुलाबाईला हळू बोलता येत नसे. तिनं कानात सांगितलेली गोष्टही पलीकडच्या आळीत ऐकू जायची. तिचा नवरा नत्थू मात्र असा अबोल, की बाजारात गेला तर दुकानदारालाच विचारावं लागे, बाबा, तुला पाहिजे तरी काय? लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत दोघांच्या वाटणीचं बोलणं तिनं एकटीनंच निभावलं आणि त्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती. हिंगणीहून जंगलाकडे जाताना पिंपळझरी लागते, तिथं तिला तोंडाळ म्हणत. म्हणोत बापडे. ज्यांच्या बाजूनं कुणी बोलत नाही, त्यांनी स्वतःही बोलू नये असा काही सरकारी कायदा नाही.

भूदानाची हवा जिल्ह्यात जोरात होती तेव्हा पिंपळझरीचे पाटील प्रभाकरराव यांनीही जमीन दिली. दिली ती नाल्यापलीकडची बरड. तिथं बकरी चरायला गेली तरी उपाशी परत येई. सभेत पाटलांच्या गळ्यात सुताचा हार पडला, टाळ्या वाजल्या आणि बरड नत्थूच्या वाट्याला आली. गाव महिनाभर पाटलांचं मोठेपण गात होतं. पंचफुला बरडीवर गेली, एक दगड उचलून तिनं नवऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, "पाटलाच्या डोक्यावरचं ओझं आपल्या डोक्यावर आलं. यालेच दान म्हन्ते काय?"

पण म्हणाली आणि कंबर कसून कामाला लागली. दगड वेचून तिनं धुरा, म्हणजे वावराचा बांध, घातला. पहिल्या साली नुसती तूर उगवली, तीही हातभर. पुढच्या साली ज्वारी आली. बैल नव्हते, तर तिनं तेही केले. एक गोऱ्हा तिच्या माहेरहून, गिरडकडून आला. दुसरा मागच्या पायानं थोडा अधू म्हणून कुणाला नकोच होता. त्याचा पाय तिनं तेल चोळचोळून असा सरळ केला, की पुढे तो अधू होता हे सांगूनही कुणाला पटत नसे. एकाचं नाव चांद्या, दुसऱ्याचं लाल्या. दोघं तिच्या हाकेवर चालत, आणि हाक तर सगळ्या शिवाराला ऐकू जाई.

आता पोळ्याची गोष्ट. पिंपळझरीचा पोळा आखरावर भरे, म्हणजे गावाच्या तोंडाशी जिथं गुरं जमतात त्या मोकळ्या जागी. दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. तोरणाखाली पहिली पाटलांची जोडी, तिच्यामागे मोठे कास्तकार, त्यांच्यामागे लहान कास्तकार, अशी रांग. झडत्या, म्हणजे पोळ्याची जुळवलेली गाणी, म्हणायच्या, एकमेकांची टर उडवायची, आणि मग तोरण तुटलं की पोळा फुटला. बैल दारोदार जात, बाया त्यांचे पाय धूत, पुरणपोळी चारत. हे तोरण बांधायचं काम नत्थूच्या घराण्याचं होतं. अंबाडीचा दोर वळायचा, पानं ओवायची, खांबावर चढून बांधायचं. नत्थूच्या हाताला त्यात गोडी होती. त्याची गाठ कधी निसटत नसे आणि दोर कधी झोळ खात नसे. वर्षातून एकदा सगळा गाव त्याच्या कामाकडे मान वर करून बघे, हे त्या मुक्या माणसाला आतून फार आवडायचं.

पण नत्थू खांबावरून खाली उतरला, की पाटलांचा गडी येऊन तोरणावर गोमूत्र शिंपडायचा. ज्या हातानं तोरण बांधलं त्या हाताचा विटाळ तोरणाला लागला होता ना! घरात बैल आल्यावर पहिल्या पोळ्याला पंचफुलानं मोठ्या हौसेनं चांद्या-लाल्याची शिंगं रंगवली. तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटीसुद्धा उभं राहू दिलं नाही. आखराच्या कडेला बोरीखाली उभे राहा, म्हणाले, आणि सगळं आटोपलं की गावाच्या मागच्या पांदणीनं घरी जा. बैल बिचारे गेले. पंचफुलाच्या अंगाची मात्र लाही लाही झाली. स्वतःला बाजूला उभं करणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. मुक्या जनावराला उभं केलेलं तिला सोसलं नाही.

मग छप्पन्न सालचा दसरा आला. पुऱ्यातले, म्हणजे गावाबाहेरच्या नत्थूच्या वस्तीतले, सगळे नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परतले. पुऱ्याचं जुनं नाव पुऱ्यातल्यांनी टाकलं. गावानं टाकलं नाही. वस्तीतले वडीलधारे बापूराव यांच्या अंगणात बैठक झाली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, डफडं वाजवायचं नाही, गावाचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं नाही, असं ठरलं. तोरणाचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ओढणं, वाहणं, पळणं या कामांची किळस सगळ्यांना होती; हिरव्या पानांचं काम त्या यादीत कुणी धरलंच नव्हतं.

त्यामुळे सत्तावन्नच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलांचा दिवाणजी सरळ नत्थूच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय गा नत्थू, पानं आनली काय? उद्या लवकर येजो."

नत्थूनं आतल्या दोराकडे पाहिलं. दोर त्यानं सवयीनं वळून ठेवलेला होता. "येतो जी," म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पंचफुला बोलली.

"येईन ना. पन यंदा आमचे बैल रांगेत राहीन. सगळ्याइच्या आधी नाई म्हनत मी. आमी ज्या वख्ताले येऊ त्या जागी. पाटलाले सांगजो."

दिवाणजी हसला. "पंचफुलाबाई, तोरन नवऱ्यानं बांधाचं अन् अट बायकोनं घालाची, हे कोन्या गावचं?"

"याच गावचं," पंचफुला म्हणाली. "आजपासून."

निरोप गेला तसा फिरून आला. रांग बापजाद्यांपासून ठरलेली आहे, पाटील म्हणाले, एका दगडाळ वावरानं कुणी कास्तकार होत नाही. वावर ज्यांनी दिलं त्यांनीच असं म्हणावं, याची पंचफुलाला गंमत वाटली. नत्थूनं निरोप ऐकला आणि बराच वेळ दोर हातात फिरवत बसला. मग तो उठला, आणि गोठ्यात चांद्याचं दावं जुनं झालं होतं ते सोडून त्याजागी तोरणाचा दोर बांधला. पंचफुलाला त्या दिवशी नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नातही वाटला नव्हता.

तेवढ्यात बापूराव आले. त्यांचं वेगळंच. "पंचफुला, आपन देव सोडले. मंग पोळ्याले जाचं कामच काय हाये?"

"मामाजी, महादेवाचं नाव मी घेनार नाई," ती म्हणाली. "पन वरीसभर ज्यायनं मान मोडून मायी बरड वाहिली, त्यायले एक दिवस न्हाऊ घालाचं नाई असं कोनी सांगतलं हाये काय?"

असं कुणी सांगितलेलं नव्हतं. बापूराव डोकं खाजवत गेले.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली आणि आखर भरला. झुली, गोंडे, घुंगरं, रंगवलेली शिंगं. पाटलांची खिल्लारी जोडी सगळ्यांत पुढे, जिथं तोरण असायला हवं होतं तिथं. वर नुसतं आभाळ होतं. दोन खांब उभे होते आणि मध्ये काही नव्हतं.

"तोरन बांधा रे कोनी," प्रभाकरराव म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात दोर होता, आंबा होता, खांबावर चढणारे धट्टेकट्टे लोक होते. पण तोरण बांधणं हे नत्थूचं काम, आणि नत्थूचं काम केलं तर आपण कोण ठरू, या भयानं सगळ्यांचे हात गळाले. महादेवराव नावाचा एक साधा कास्तकार पुढे झाला, म्हणाला, आना दोर, मी बांधतो, त्यात काय. त्याच्या थोरल्या भावानं त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढला. "आज तोरन बांधशीन, उद्या ढोर ओढाले बलावतीन!" महादेवराव आपल्या बैलांपाशी परत गेला. तेल्यानं कुणब्याकडे बोट दाखवलं, कुणब्यानं गड्याकडे, गड्यानं आभाळाकडे. शेकडो वर्षं ज्या कामाला हलकं म्हणत आले, ते हलकं काम उचलायला अख्ख्या गावाची ताकद पुरेना. मला तर हे लिहितानाही हसू येतं आणि हसताना रागही येतो.

ऊन उतरू लागलं. बैल बिथरले, एकमेकांना शिंगं दाखवू लागले. झडत्या कुणाला सुचेनात. तोरणच नाही तर पोळा फुटणार कसा, आणि फुटला नाही तर घरी कसं जायचं?

अशा वेळी बोरीकडून पंचफुला आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात चांद्याचा कासरा. मागे लाल्याला घेऊन नत्थू. पोळ्याच्या आखरावर बाईनं बैल आणलेले कुणी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे काय म्हणायचं हेच कुणाला ठरवता येईना. ती रांगेच्या शेवटी थांबली नाही. रांगेच्या बाजूनं चालत चालत थेट खांबांपाशी आली.

"कुठं चालली वो?" दिवाणजी ओरडला. "रांग दिसत नाई काय?"

"कायची रांग?" पंचफुला म्हणाली. तिचा आवाज आखराच्या टोकापर्यंत गेला. "तोरन हाये तं रांग हाये. वर पाह्य ना बाप्पा. तोरन दिसते काय कुठी?"

लोकांनी खरंच वर पाहिलं. पाटलांनीसुद्धा पाहिलं. तेवढ्या वेळात ती दोन खांबांमधून चांद्याला घेऊन पलीकडे गेली होती. तिच्यामागे नत्थू. अडवायला एक-दोघे सरसावले, पण अडवायचं म्हणजे तिच्या अंगाला हात लावायचा, आणि पोळ्याच्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून आलेल्यांपैकी कुणाची ती तयारी नव्हती. विटाळाचा एवढा तरी उपयोग तिला जन्मात पहिल्यांदा झाला.

पांदणीकडे न वळता ती गावाच्या मधल्या रस्त्याला लागली. या रस्त्यानं ती शेणाची पाटी घेऊन गेली होती, लाकडाची मोळी घेऊन गेली होती, कडेकडेनं, मान खाली घालून. मधून चालायची ही पहिलीच वेळ. आज भ्याले तर जन्मभर कडेनंच चालावं लागेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि कासरा आवळला. ओट्याओट्यांवर बाया पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन केव्हाच्या ताटकळल्या होत्या. घुंगरांचा आवाज ऐकून पुढे यायच्या, पंचफुलाला बघून थबकायच्या. दोन दारं तर बंदच झाली.

रस्ता संपतो तिथं पाटलांचं नवं घर, सिमेंटच्या ओट्याचं. ओट्यावर पाटलीण आनंदाबाई उभ्या होत्या. बाई देवभोळ्या. पोळ्याच्या दिवशी दारी आलेला बैल पाय धुतल्याशिवाय परत गेला तर घराला लागतं, यावर त्यांची अशी श्रद्धा होती, की मागे एकदा चुकून अंगणात शिरलेल्या रेड्यालाही त्यांनी ओवाळलं होतं. चांद्या-लाल्या फाटकातून आत आले आणि ओट्यापुढे उभे राहिले.

आनंदाबाईंचा चेहरा उतरला. "पंचफुले, तुमी तं देव सोडले म्हन्ते. मंग पोळा कायचा?"

"देव सोडले बाई. बैल नाई सोडले."

आनंदाबाईंनी फाटकाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. ताटातला दिवा फडफडत होता. "बरं, कासरा सोड अन् तिकडं दूर उभी राह्य. मी पाय धुतो बैलाचे."

"सोडला तं बुजते तो," पंचफुला म्हणाली. "मी अठीच उभी राहीन. धुवा तुमी."

आनंदाबाईंचे ओठ हलले, बहुधा देवाचं नाव घेत होत्या. मग त्या ओट्याच्या पायऱ्या उतरल्या, पदर खोचला आणि वाकल्या. चांद्याच्या पुढच्या खुरावर त्यांनी पाणी घातलं. पंचफुला खुराला लागूनच उभी होती. पाणी अंगणातून वाहत तिच्या पायांवर आलं. तिनं पाय मागे घेतला नाही, आणि आनंदाबाईंनीही घे म्हटलं नाही.

चांद्याचे चारही पाय धुऊन झाले, कुंकू लागलं, पोळी खाऊन झाली. लाल्याची पाळी आली तेव्हा फाटकाबाहेर घुंगरं वाजली. न फुटलेल्या पोळ्यातून प्रभाकरराव आपली खिल्लारी जोडी घेऊन घरी परतले होते. अंगणातला प्रकार पाहून ते कडाडले, "हे काय चालू हाये? हाकला यायले अगोदर!"

आनंदाबाई लाल्याच्या एकेकाळच्या अधू पायापाशी वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा बाहेर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पूजा अर्धी हाये. यायचं झाल्याबिगर तुमचे बैल आत आनू नोका."

पाटील फाटकाबाहेर जोडी धरून उभे राहिले. त्यांच्यामागे रस्त्यावर एकेक करून बाकीचे कास्तकार येऊन थांबत होते. लाल्या पुरणपोळी सावकाश चघळत होता, आणि पंचफुलानं त्याला मुळीच घाई केली नाही.