परक्या पोरींना शाबासकी

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवताना बजावलं की वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि काही दिवस पेपर वाचायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मुकाट्याने ऐकल्या. पेपर बंद म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. उभा जन्म रेल्वेच्या कचेरीत काढलेला हा माणूस सकाळी तमिळ पेपर पहिल्या पानापासून श्रद्धांजलीच्या जाहिरातींपर्यंत वाचतो आणि मगच आंघोळीला उठतो. दुसऱ्याच दिवशी ते भिंतीला हात लावत घरभर येरझारा घालू लागले. मी बँकेतून रजा काढली होती ती त्यांची सेवा करायला, पण ती सगळी पहाऱ्यातच जायची चिन्हं दिसायला लागली. शेवटी मी मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि म्हटलं, लांबून बघा, काळा चष्मा काढू नका.

तेव्हा हिवाळी ऑलिंपिक चालू होतं आणि मी फिगर स्केटिंग लावलं. तिकडे युरोपात संध्याकाळी जे व्हायचं ते आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी डोशाबरोबर बघायचो. फेब्रुवारीतच आमच्या मद्रासच्या अंबत्तूरला पंखा पाचवर ठेवावा लागतो. बाहेर कंपन्यांच्या बसेस हॉर्न मारत माणसं गोळा करत असायच्या, आणि आम्ही बाप-लेकी घामेजून त्या पांढऱ्याशुभ्र बर्फाकडे बघत बसायचो. अप्पा त्याला ‘बर्फातला नाच’ म्हणायचे. एकेकीला दोनदा उतरावं लागतं, आधी थोडक्यात आणि मग लांबलचक, हे त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी त्याला धाकटा नाच आणि थोरला नाच अशी नावंही देऊन टाकली.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी एक जपानी मुलगी आली. लहानखुरी, निळ्या झग्यातली. तिने उडी घेतली, हवेत गिरक्या घेतल्या आणि एका पायावर इतकी अलगद उतरली की बर्फाला कळलंही नसेल. आणि अप्पा मोठ्यांदा म्हणाले, “बेस! बेस केलीस गं पोरी!”

मी कॉफीचा टंबलर हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्या घरातल्या मराठीत ‘बेस’ म्हणजे छान, झकास, शाबास, सगळं काही. सांबारात चिंच बरोबर पडली की बेस, पाहुणे वेळेवर निघाले की बेस. (लग्नानंतर माझ्या सोलापूरच्या सासूबाईंनी माझं मराठी धुऊन, नीळ घालून सरळ केलं, तरी हा शब्द गेला नाही.) पण पन्नास वर्षांच्या माझ्या आयुष्यात अप्पांनी तो माझ्याबद्दल एकदाही वापरलेला मी ऐकला नव्हता.

आमच्या घरात मुलांचं कौतुक करायला बंदीच होती. दृष्ट लागते. बाहेरच्यांची लागते ती लागतेच, पण अम्मा म्हणायची की सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट लागते ती आपल्याच माणसाची. परक्याच्या नजरेवर मीठ-मिरच्या चालतात, आईबापाच्या नजरेवर उतारा नाही. म्हणून पहिला नंबर आला तरी “असू दे”, आणि नव्या परकर-पोलक्यात मी आरशासमोर उभी राहिले की “काळी दिसतेस, गालाला काजळ लाव.” मावशीच्या मुलीचे केस गुडघ्यापर्यंत होते, तिला सगळे ‘उंदराची शेपटी’ म्हणायचे. तीही बिचारी ते खरं मानायची. सासरी गेल्यावर सासूबाईंनी माझ्या पहिल्याच उपम्याचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा ही बाई मला टोमणा मारते आहे असं वाटून मी मोरीत जाऊन रडले होते.

तर स्केटिंग. मीही स्केटिंग करत असे. बर्फावर नाही, मद्रासला बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत. सिमेंटच्या रिंगणात, चार चाकांच्या बुटांवर. लोक समजतात तशी शर्यत नव्हे. संगीतावर करायचं स्केटिंग, गिरक्या, उड्या, एका पायावर सरकत जाणं, बर्फावर करतात तेच सगळं. उन्हाने सिमेंट तापायच्या आत सराव उरकावा लागे. आमचे मास्टर स्वतः एका कारखान्यात फिटर होते, रात्रपाळी करून थेट रिंगणावर यायचे आणि डोळे चोळत आमच्या चुका काढायचे. सिमेंटवर पडलं की गुडघ्याची साल निघते, आणि ती भरून यायच्या आत पुन्हा त्याच जागी निघते. मला ते सगळं आवडायचं. हवेत असताना जो एक क्षण कुठलाच आवाज नसतो, त्याच्यासाठी मी पहाटे उठायची.

अप्पा मला सायकलवरून सोडायचे. सरावाला थांबायचे नाहीत, पण प्रत्येक स्पर्धेला यायचे, कचेरीत रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पत्र्याच्या शेडखाली अगदी मागच्या बाकावर बसायचे. मी जिंकून आले की म्हणायचे, “बरं. बूट काढ, पाय धू.” घरी अम्मा माझ्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. अम्मा कधीच स्पर्धेला आली नाही, तिला माझे उघडे पाय बघवत नसत. कप कपाटात, भांड्यांच्या मागे जायचा. बाकी मुलींचे आईवडील त्यांना कुरवाळायचे, आइस्क्रीम द्यायचे. मी पाय धुवायची. बाप बोलत नाही म्हणजे त्याला काही विशेष वाटलेलं नाही, एवढाच अर्थ मला कळत होता. दृष्टीबिष्टीच्या गोष्टी अम्माच्या, असं मी धरून चालले होते. अप्पा रेल्वेतले, रोज पेपर वाचणारे, ते कसले असलं मानतात!

शाळा संपता संपता राज्याच्या संघात माझी निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धेला उत्तरेत जायचं होतं. मास्टर घरी आले. अम्माने त्यांना कॉफी दिली आणि आत गेली. मास्टरांनी अप्पांना विचारलं, अप्पा म्हणाले, “तिलाच विचारा.” मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं. एक शब्द, अर्धा शब्द, नुसत्या भुवया हलल्या असत्या तरी मी बूट घेऊन निघाले असते. ते मिठाची गुळणी धरून बसले होते. मी म्हटलं, नाही मास्टर, आता कॉलेज आहे. मास्टरांनी कॉफी संपवली, टंबलर उपडा ठेवला आणि गेले. त्यानंतर मी बूट घातले नाहीत. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी सोडल्या, बहुतेकांचं काही वाटत नाही. हिचं वाटतं. आजही कुठे गुळगुळीत फरशी दिसली, विमानतळावर, मॉलमध्ये, की पायाला आधी कळतं आणि मग मला वाईट वाटतं.

म्हणून त्या सकाळी जपानी मुलीला मिळालेलं ‘बेस’ मला झोंबलं. मी कॉफी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेले. पण मग ते रोजचंच झालं. अप्पांना खेळाची गोडी लागली होती. अमेरिकन मुलीला बेस, कोरियन मुलीला बेस, जोडीच्या नाचात बायकोला डोक्यावर उचलणाऱ्या त्या इटालियन गड्याला तर दोनदा बेस. नाच झाल्यावर खेळाडू कोचला बिलगून एका बाकावर बसतात आणि गुणांची वाट बघतात, तिथे अप्पा चष्म्याआडून टीव्हीशी बोलायचे, “घाबरू नकोस, कमी देतील तर त्यांनाच काही कळत नै म्हणायचं.” इतकी माया! मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

थोरल्या नाचाच्या सकाळी ती निळ्या झग्यातली मुलगी पडली. चांगलीच आदळली, बर्फावर घसरत कठड्यापर्यंत गेली. उठली, झगा झटकला, आणि संगीत जिथे पोचलं होतं तिथे जाऊन मिळाली. अप्पा म्हणाले, “पडली तरी उठली बघ. अस्क्यांच्यात हीच बेस.” (अस्के म्हणजे सगळे.)

माझा तोल गेला. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“अप्पा, ही कोण तुमची? हिचं नाव तरी येतं तुम्हाला?”

“कां गं?”

“मी एवढी वर्षं पडले, उठले, कप आणले. मला एकदा तरी म्हणालात बेस? परक्या पोरींना सगळं, आणि मला पाय धू?”

अप्पांनी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवून पुन्हा वर केली.

“परक्या आहेत म्हणूनच म्हणतों. माझी दृष्ट त्यांना कशाला लागती?”

“तुम्ही मानता हे?”

“पैल्यांदा मानत नव्हतों.” त्यांनी चष्मा सारखा केला. “तुझी पैली काम्पिटिशन. मी पुढेच बसलोतों. बाजूच्या मनुष्याला म्हटलों, ती माझी मुलगी, बेस करती की नै बघा. तोंडातून शब्द निघाला आणि तू पडलीस. हनवटी फुटली. रक्त.”

ती खूण अजून माझ्या हनवटीखाली आहे. ती त्या स्पर्धेतली, हे मला माहीत होतं. त्या आधीचं वाक्य माहीत नव्हतं.

“म्हणून पुन्हा बोलला नाहीत?”

“बोललों नै. बघितलों पण नै.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “बघितलं नाही म्हणजे? प्रत्येक स्पर्धेला तर यायचात.”

“यायचों. मागे बसायचों. तुझं नाव पुकारलं की डोळे मिटून घ्यायचों. बापाची दृष्ट गं. उगीच कशाला?” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं कुणी छत्री घेऊन निघाल्याचं सांगतं. “पण ऐकायचों. तुझ्या चाकांची घरघर अस्की ऐकायचों. मध्येच आवाज थांबायचा, तेव्हा कळायचं तू वर आहेस. मग ‘टक्’ व्हायचं. ते झालं की श्वास सोडायचों.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे मी समजू शकते. पण या माणसाने ताकाकडे बघायचंच सोडून दिलं होतं. मला हसावं की किंचाळावं कळेना. हवेतला तो आवाज नसलेला क्षण, ज्याच्यासाठी मी पहाटे उठायची, तो मी माझा एकटीचा समजत होते. तोच क्षण हा मनुष्य मागच्या बाकावर जीव मुठीत धरून ऐकत होता. आणि ज्या एका माणसाने बघावं म्हणून मी सगळं केलं, त्याने काहीच बघितलं नव्हतं. बोलला नाही याचं दुःख मी आयुष्यभर सांभाळलं. त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

“आणि मास्टर आले होते तेव्हा?” मी विचारलं. “तेव्हा तर मी उभी होते नुसती. चाकंसुद्धा नव्हती पायात.”

“लांब जायचं होतं तुला. जा म्हणायला तोंड उघडलों असतों, तर मन भरून काही तरी निघालं असतं.” मग हळूच म्हणाले, “मला वाटलं तुलाच नको आहे. नको म्हणालीस की तू.”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. आमच्या दोघांमध्ये एक शब्द पडला होता आणि दोघांनीही तो उचलला नाही. तो उचलला असता तर मी फार मोठी कुणी झाले असते असं नाही. कदाचित उत्तरेत जाऊन शेवटून पहिली आले असते. पण गेले तरी असते. टीव्हीवर आवाजाविना पुढची मुलगी नाचत होती. एका पायावर, दुसरा पाय मागे ताणून, हात पसरून, ती पूर्ण रिंगणाला वळसा घालत होती.

अप्पा काळ्या चष्म्यातून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “तुझं असंच असायचं कां?”

ते खरंच विचारत होते. त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मास्टर वारले, अम्मा कधी आलीच नाही. त्या काळात आमच्या ओळखीत कुणाकडे कॅमेरा नव्हता. माझा स्केटिंग करतानाचा एकही फोटो नाही. ज्याने मला सांगावं म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते, तो मला विचारत होता.

“हो अप्पा, असंच असायचं,” मी म्हटलं. “बेस करायचे मी.”

अप्पांनी मान हलवली, लांबच्या गावच्या कुणाची तरी चांगली बातमी ऐकल्यासारखी, आणि म्हणाले, “असेल.”