चार घरांचं एक अक्षर

पार्सेच्या विमलाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोई देऊन गेला की ती टोपलीतल्या पावांवर दोनदा बोट फिरवते. दारातल्या माडावर किती नारळ धरलेत हे ती घरात बसून सांगते. आणि क्रोशाची सुई हातात असली की तिचे ओठ हलत राहतात: तीन खांब, दोन साखळ्या. शेजारणी म्हणतात, विमलाशी बोलायचं तर ओळ संपेपर्यंत थांबावं लागतं. ती थांबवतेही, आणि वर हसते.

गेल्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीच्या, मुळगावच्या शांताच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या मुलीने, सिद्धीने, एकच हट्ट धरला, अंतरपाट आजीचाच हवा. त्या अंतरपाटाआडून या दोघी बहिणींची लग्नं लागली होती, आणि त्याच्या दोन्ही टोकांची लेस त्यांच्या आईने स्वतः विणली होती. विमलाने पेटी उघडली तर एका टोकाची लेस कसरीने खाल्लेली, दुसऱ्या टोकाची शाबूत, पण सूत पापडासारखं झालेलं. आणखी एक धुणं काही तिने सोसलं नसतं. हा नमुना गेला तर आईच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

कापड नवं घ्यायचं, एक लेस विमलाने विणायची, दुसरी शांताने, असं ठरलं. हातात पस्तीस दिवस होते. नमुना मात्र एकच, आणि तो पार्सेहून मुळगावला नेता-आणता मोडला असता. फोटो काढून पाहिला, तर पांढऱ्यावर पांढरं; भोक कुठलं आणि सूत कुठलं, ते शांताच्या डोळ्यांना कळेना.

लेस चोवीस ओळींची, प्रत्येक ओळीत एकशेसाठ घरं. घर एक तर भरलेलं, नाहीतर रिकामं. एवढ्यातूनच आईने एका मागोमाग एक माड, घागर, काजूचा बोंडू आणि मधेमधे उजवीकडे बघणारे पोपट काढले होते. विमला पहिली ओळ फोनवर सांगायला बसली: भरलेलं, भरलेलं, रिकामं, भरलेलं... चाळिसाव्या घराला शांता हरवली आणि सुरुवातीपासून सांग म्हणाली.

विमलाची सून सेजल कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती ऐकत होती. म्हणाली, "आई, आमच्या मशिनीलासुद्धा यापलीकडे काही कळत नाही. भरलेलं आणि रिकामं. पण आम्ही ते असं लांबलचक वाचत नाही, जुडगे बांधतो."

तिने कागदावर चार घरं काढली. पहिल्याची किंमत आठ, मग चार, दोन आणि एक. भरलेल्या घरांची बेरीज करायची. पहिलं आणि शेवटचं भरलेलं असलं की नऊ. चारही रिकामी तर शून्य, चारही भरलेली तर पंधरा. दहापासून पुढे आकडा एकेरी राहत नाही म्हणून तिथे अक्षरं वापरायची. ईमेलमधून फोटो जातात ते सहा-सहा घरांच्या जुडग्यांनी, चौसष्ट खुणा वापरून, तेही तिने सांगितलं. विमलाने मनात भागाकार केला. एकशेसाठला सहाने भागलं तर चार घरं लोंबकळतात, तिनाने भागलं तर एक. चाराने मात्र काही उरत नाही. शिवाय चौसष्ट खुणांत इंग्रजी मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी धरतात हे कळल्यावर ती म्हणाली, "अक्काला फोनवर मोठा ए आणि छोटा ए सांगायचा तर लग्न पुढच्या वर्षी धरू."

दहापासून पंधरापर्यंत तिने स्वतःची अक्षरं नेमली: क, ग, च, त, प, म. एक ओळ आता चाळीस खुणांची झाली. शेवटी त्या ओळीत एकूण किती घरं भरलेली तेही ती सांगे, म्हणजे शांताला विणून झाल्यावर पडताळता यावं. रोज दुपारी जेवणं आटोपली की दोघी फोनवर बसत. शांता वहीत उतरवी आणि मग विणी. सिद्धी म्हणायची, आईने नवी पोथी धरलीय.

पहिल्या सहा ओळी नुसत्या चौकटीच्या होत्या, दोन्हीकडून सारख्या. त्या सुरेख उतरल्या. अकराव्या ओळीला शांताचा फोन आला.

"विमल, ह्यो पोपट न्हय गो. कावळ्यांनी मारामारी केल्यासारखो दिसता."

भरलेल्या घरांची संख्या प्रत्येक ओळीत बरोबर जुळत होती. उरले होते सोळा दिवस. शांताने सांगून टाकलं, माका जमणार नाय, दुसऱ्या टोकाला बाजारची लेस लाव. विमलाने फोन ठेवला, वही पिशवीत घातली आणि म्हापशाला जाऊन तिथून मुळगावकडे जाणारी डिचोलीची बस धरली.

मुळगावला पोचल्यावर ती कदेल ओढून शांताजवळ बसली आणि म्हणाली, एक ओळ वीण, मी बघते. शांताने ओळ संपवली, काम हातात उलटं फिरवलं आणि पुढची ओळ सुरू केली, जशी कोणीही विणणारी बाई करते. विमलाने तिचा हात धरला. काम फिरलं होतं, वहीतली ओळ मात्र फिरली नव्हती. विमला स्वतः समोरचा नमुना बघून विणत होती, म्हणून तिचा हात आपोआप वळे. शांता बिचारी सांगितलेलं विणत होती. एकाआड एक ओळ आरशात पडली होती. भरलेली घरं तेवढीच, म्हणून बेरीज गप्प राहिली.

पाच ओळी उसवल्या. मग फिरलेली ओळ वहीत शेवटाकडून वाचून विणली. पोपट ओळखू आला, पण त्याच्या पाठीला दात फुटले होते. शांताने सुई खाली ठेवली. विमलाने मात्र आठावर बोट ठेवलं. आठ म्हणजे पहिलं घर भरलेलं. उलटं येताना तेच शेवटी यायला हवं, म्हणजे तिथे एक पाहिजे. नुसती अक्षरांची रांग उलटी करून भागत नव्हतं, प्रत्येक अक्षराच्या पोटातली चार घरंही उलटायची होती. जनेलातून येणाऱ्या उजेडात बसून तिने सोळा खुणांचा तक्ता केला. आठाचा एक, चाराचा दोन, कचा पाच. शून्य, सहा, नऊ आणि म जसेच्या तसे. संध्याकाळच्या चहापर्यंत पोपटाची चोच उजवीकडे वळली आणि पाठ गुळगुळीत झाली. शांता चहा निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.

लग्नाच्या तीन दिवस आधी विमला आपली लेस घेऊन सेजलबरोबर मुळगावला आली. दोन्ही लेस मेजावर शेजारी पसरल्या. सेजल घर न् घर ताडून बघू लागली. सगळं तंतोतंत होतं. फक्त तिसऱ्या पोपटाच्या शेपटीत, सगळी भरलेली असताना एक घर रिकामं होतं, आणि ते दोन्हीकडे रिकामं होतं.

विमला म्हणाली, आईच्या लेसमध्ये तसंच होतं, मी तसंच सांगितलं.

"माका विणतानाच कळला," शांता म्हणाली. "आई विणीत होती तेव्हा कोणी तरी भुकेलं रडलं असणार. तू नायतर मी."

सेजलने ते घर भरायला शिवणाची सुई उचलली. दोन मिनिटांचं काम होतं. शांताने ती तिच्या हातातून हलकेच काढून घेतली, तिच्यात साधा दोरा ओवला आणि लेस नव्या कापडाला जोडायला बसली.