डावीकडची जागा

आमच्या भावोजींनी आयुष्यात एकही गोष्ट आपण होऊन सुरू केली नाही. हे माझ्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. नाशकात आमच्याच घरी, माडीवरच्या खोलीत राहत. फिडल वाजवत, तेही शास्त्रीय. ज्या बुवांना ते जन्मभर साथ करत, त्यांचं नाव तेव्हा येवल्यापासून मालेगावपर्यंत घेतलं जाई. भावोजींचं नाव कोणी घेत नसे. बैठकीच्या हँडबिलावर खाली बारीक अक्षरांत ‘फिडलची साथ आहे’ एवढंच छापलेलं असे.

साथ करता करता तोच त्यांचा स्वभाव होऊन बसला होता. दुसऱ्या कोणी पहिला घास घेतल्याशिवाय त्यांचा हात भाताकडे जात नसे. एका एकादशीला घरात सगळ्यांना उपास, यांना तेवढा डॉक्टरांनी मना केलेला; तर हे वाढलेल्या ताटापुढे नुसते बसून. शेवटी मी समोर बसून शेंगदाण्याचा एक दाणा तोंडात टाकला, तेव्हा वरणभात हलला. रस्त्यात ते माणसाच्या मागून चालत आणि बोलण्यात समोरच्याच्या वाक्याचं शेपूट उचलत.

“भावोजी, आमटी खारट झालीय का?”

“खारट झालीय का...”

“अहो, मी तुम्हाला विचारतेय!”

“मला विचारताय,” असं म्हणत ते खारट आमटी निमूटपणे संपवत.

लग्न झालं नाही, कारण तो विषय कोणीतरी काढायला हवा होता. फिडलही त्यांनी निवडलेलं नव्हतं. थोरला भाऊ शिकायला निघाला, हे सोबत म्हणून गेले. भावाने लवकरच सोडून दिलं, यांना सोड म्हणून कोणी सांगितलं नाही. सकाळी खाली भाजीवाली ओरडली की माडीवरून तिचा सूर जसाच्या तसा परत येई. एकदा तिने मला गाठलंच. “बाई, वरल्या बाबाला सांगा, माझी नक्कल नका करू. गिऱ्हाईक लय हसतंय.” मी सांगितलं तेव्हा भावोजी ओशाळले. “नक्कल नाही हो वहिनी. ती ‘मेथी’वर फार गोड चढते.”

“तुझं फिडल म्हणजे माझा तिसरा तंबोरा,” असं बुवा चारचौघांत म्हणत, आणि हे मान डोलावत. पण एका दुपारी मी गव्हले वळत बसले होते आणि हे जिन्यात तारा पुसत होते, तेव्हा एकाएकी म्हणाले, “वहिनी, एकदा मला एकट्याला वाजवायचंय. आपण सुरू करायचं, आपण संपवायचं.” त्यांच्या तोंडून इतकं लांब आणि इतकं स्वतःचं वाक्य मी प्रथमच ऐकलं. म्हटलं, “मग बुवांना सांगा.” “बुवांना सांगा,” ते म्हणाले, आणि सांगितलं नाही.

बुवा वारले. त्यांच्या वर्षश्राद्धाला शिष्यांनी पंचवटीतल्या एका धर्मशाळेत बैठक ठेवली आणि या वेळी कोणी गायचं नाही, नुसतं फिडल ऐकायचं, असं ठरवलं. भावोजी माडीचं दार लावून घेऊ लागले. आतून मारवा ऐकू येई. मी त्यांच्या धोतराला इस्त्री करवून आणली.

त्या संध्याकाळी ते गादीवर जाऊन बसले ते डावीकडे, नेहमीच्या जागी. मधे लोड, आणि लोडाला कोणीच नाही.

“मास्तर, मधे बसा,” बुवांचा एक शिष्य म्हणाला.

“मधे बसा,” म्हणत ते जेमतेम हातभर सरकले. तंबोरे सुरू झाले, तरी हे आपले वाट पाहत बसलेले. तबलजीने खाकरून खुणावलं, तेव्हा कुठे गज तारेवर टेकला.

वाजवलं सुरेख. मला गाण्यातलं कळत नाही, पण माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांचे वाती वळणारे हात थांबले. मात्र थोडं वाजवून झालं की हे मधेच थांबत, मान उजवीकडे कलती करत आणि रिकाम्या लोडाकडे बघत. तिथे बुवांची तान यायची असे. तेवढ्या वेळात तबला एकटाच चाले. मग जणू तान येऊन गेली, असे भावोजी तिला उत्तर देत. प्रश्न कोणालाच ऐकू येत नव्हते, उत्तरं तेवढी येत होती. “विसरले वाटतं,” मागे कोणी पुटपुटलं. पोरंसोरं हसली. हळूहळू वाजवणं आखूड झालं, थांबणं लांबलं. संपवायचं काम तर कायम बुवांचंच, त्यामुळे संपवावं कसं तेही यांना उमगेना. तबलजी घामाघूम झाला, माणसं उठू लागली. शेवटी बायकांच्या घोळक्यातून मीच म्हटलं, “भावोजी, पुरे आता.”

“पुरे आता,” ते म्हणाले, आणि त्यांनी गज खाली ठेवला.

परतताना गोदावरीच्या पुलावर ते मागून म्हणाले, “वहिनी, वाईट झालं ना?”

“वाजवलंत चांगलं. बुवा नव्हते, एवढंच.”

“एवढंच.”

फिडल पेटीत गेलं ते गेलंच. वापरातली वस्तू पडून राहिली की बिघडते, आणि हा माणूस आपण होऊन पेटी उघडणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दुपारी तांदूळ निवडताना मोठ्याने ओव्या म्हणू लागले. माझा गळा असा, की मी अंगाई म्हटली तर आमची मुलं झोपेचं सोंग घेत. बरेच दिवस माडी गप्पच होती. मग एकदा जिना वाजला. भावोजी पेटी घेऊन आले आणि चटईवर माझ्या डावीकडे बसले. मी जिथे बेसूर होई, तिथे तेही नेमके तेवढेच बेसूर होत.

“अहो, मी चुकले तर तुम्ही तरी सरळ वाजवा ना!”

“मग ती साथ कसली, वहिनी?”

एका थंडीत ते तापाने गेले. निदान हे तरी त्यांनी कोणाच्या आधी केलं, असं मला वाटलं होतं. मग आठवलं, तिथेही बुवा पुढे होतेच. फिडल मी बुवांच्या एका शिष्याला देऊन टाकलं. घरात ठेवून काय करायचं?

तांदूळ मी अजून निवडते, ओव्याही म्हणते. सवय झालीय. चटईवर उजवीकडे सरकून बसते, आणि ओळ संपली की जराशी थांबते. सून आत भांडी लावता लावता विचारते, “सासूबाई, विसरलात का?”

“नाही गं,” मी म्हणते, आणि पुढची ओळ घेते.