इंद्रभानचा पत्र्याचा उपग्रह

उपग्रह गोल असतो, हे सुधाकर मास्तरांनी इतक्या ठामपणे सांगितलं की इंद्रभाननं पुन्हा विचारलंच नाही. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. पृथ्वी गोल, चंद्र गोल, मग त्यांच्या संगतीत फिरणारा काय चौकोनी असणार? पंचाहत्तर सालची गोष्ट. पिंपळगाव राजाच्या गणेश मंडळाला त्या वर्षी 'आर्यभट'चा देखावा करायचा होता. इंद्रभान लग्नातल्या पेट्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करणारा. मंडळानं आणून दिलेला पत्रा त्यानं ठोकून ठोकून मस्त गरगरीत केला. आणि मग किराण्याच्या पुडीला आलेल्या जुन्या पेपरात फोटो निघाला. उपग्रहाला सव्वीस बाजू होत्या.

"मास्तर, हा तं लाडू झाला," मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव म्हणाले. "गनपतीच्या हाती ठेवा. दुसऱ्या कोन्त्या कामाचा नाही."

"लांबून गोलच दिसतो," मास्तर म्हणाले.

ठोकलेला पत्रा पुन्हा सपाट होत नाही आणि मंडळाची वर्गणी संपलेली. कोरे पत्रे गावात एकाच ठिकाणी होते: इंद्रभानच्याच घरात, भिंतीशी, गोधडीत गुंडाळून. ते त्याच्या थोरल्या लेकीच्या, पुष्पीच्या पेटीचे. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं, दुसरबीडच्या कडूबाच्या मुलाशी. गावातल्या कितीतरी पोरी इंद्रभाननं केलेल्या पेट्या घेऊन सासरी गेल्या होत्या. आता त्याच्याच पोरीनं रिकाम्या हातानं जायचं म्हणजे गावानं तोंडाला पदर लावून हसायचं काम.

पण फोटोनं त्याला धरलं होतं. तो हातात आला की माणूस घरात असून घरात नसायचा. मास्तरांनी बातमी वाचून दाखवली होती. बंगलोरजवळ एका शेडमध्ये बनवला, रशियाच्या अग्निबाणानं वर सोडला, सरकार यावर कोटींनी खर्च करतं, पुढं आणखी करणार, मागणी वाढतच जाणार. कोटी इंद्रभानच्या डोक्यात शिरलेच नाहीत. शेड शिरली. ती त्याला दिसायचीच: दारात ऊन आडवं पडलेलं, आत कोणी एक माणूस कातर घेऊन बसलेला, ओठात विझलेली बिडी, सांधा जुळेना म्हणून कपाळाला आठ्या. त्या माणसाशी तो मनातल्या मनात बोलायचा. कोपऱ्याच्या सांध्याले डाग कसा देता हो? वर गेल्यावर सुटला तं कोन जाते पाहाले?

"मास्तर, त्यायले पत्रा कोन देते?"

"सरकार."

"आन् कापतानी चुकला तं?"

"तोही सरकारचाच."

"मोठी मजा हाय," इंद्रभान म्हणाला आणि भिंतीकडं पाहत राहिला.

शेवटी पुष्पीच म्हणाली, "बाबा, तुमचा जीव त्याच्यातच हाय. कापून टाका. पेटीचं पाहू मांगून."

"मांगून काऊन?" तिची आई मंजुळाबाई चुलीपासून कडाडली. "पोट्टी काय आभायात नांदाले जाऊन राह्यली?"

इंद्रभाननं मागणीचं नाव पुढं केलं. संग्रामपूरचं मंडळ विचारून गेलं होतं, आजूबाजूची दोन-चार गावं चौकशा करत होती. असे चार उपग्रह खपले की एक सोडून दोन पेट्यांचा पत्रा येईल. मंजुळाबाईनं नुसता हात उडवला. कातर चालली.

उपग्रह झाला तो असा, की आरतीला उभी राहिलेली माणसं वर बघत टाळ्या चुकायची. मूर्तीच्या डोक्यावर तो हळूहळू फिरायचा, एकेका बाजूवर दिव्याचा कवडसा चढायचा आणि घसरायचा. इंद्रभान मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहायचा. त्याला खाली गाव दिसायचं, नदीची वाकडी रेघ दिसायची, आपल्याच घराचं छप्पर नखाएवढं दिसायचं.

संग्रामपूरवाले येऊन पाहून गेले, सुतळीनं मापं घेऊन गेले आणि बांबूच्या कामट्यांवर चंदेरी कागद चिकटवून मोकळे झाले. बाकीच्या गावांनी त्यांचंच बघून घेतलं. उपग्रहाचा बाजार चढला तसाच बसला.

गणपती गेले, दिवाळी आली. उपग्रह इंद्रभानच्या ओसरीत आढ्याला लटकत राहिला. त्याचे तुकडे जोडून पेटी केली असती, तर ती पेटी नव्हे, गोधडी दिसली असती. लग्नाचं बोलायला कडूबा आले, पाणी प्यायले आणि वर पाहून थांबले.

"इवाई, हे काय हो?"

"उपग्रह."

"सरकारी?"

"घरचा." इंद्रभाननं मान खाली घातली. "इवाई, लपवत नाही. पुष्पीच्या पेटीचा पत्रा याच्यात गेला."

मंजुळाबाई दाराआड श्वास धरून उभी. कडूबा उठले. उपग्रहाभोवती एक फेरी मारली, बोटानं ठोकून पाहिलं.

"आतून पोकय हाय?"

"हाव."

"लुगडे मावतीन?"

"मावतीन... पन—"

"मंग याले कडी-कोयंडा बसवा न् द्या पाठवून. पुढच्या गनपतीत आमचे पोट्टे टांगतीन. आमच्या गावात आतापर्यंत असं काहीच आलं नाही." कडूबा बसले आणि वर बोट करून म्हणाले, "पेटी माफ नाही हां. ते आखाडीले पोचती करा."

इंद्रभाननं एका बाजूला बिजागरी लावली. लग्न लागलं. पुष्पीची लुगडी, आरसा, पितळी डबा सगळं त्या सव्वीस बाजूंच्या पोटात गेलं आणि दोरखंडानं बांधून एसटीच्या टपावर चढलं. कंडक्टरनं विचारलं, "हे काय सामान?" पुष्पी रडता रडता म्हणाली, "पेटी." गाडी वळणाला लागली. बायका डोळे पुसत होत्या, इंद्रभान मात्र तुरीच्या शेंड्यांवरून सरकत जाणारी ती चकाकी बघत होता. वळणापलीकडं ती गाडीवर होती की गाडी सोडून आणखी वर गेली, हे त्याला नीटसं सांगता आलं नसतं.

आषाढातली आखाडी आली आणि गेली. दुसरबीडच्या गणपतीत उपग्रह फिरून आला. पुष्पी माहेरी आली की चहाची कपबशी हातात देताना विचारायची, "बाबा, माही पेटी?"

"करतो ना वं," इंद्रभान म्हणायचा.