दारातून पुकारलेलं नाव

धाकट्या जावेने एका सकाळी "हाव, येते" एवढंच म्हटलं आणि मी गॅसवरचं दूध तसंच टाकून फोन आणायला पळाले. दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं!

तिची आई गेली तेव्हापासून ती हळूहळू बोलायची बंद झाली होती. वडनेरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. पूर्वी तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा, आता भांड्यांचाही येईना. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "यांना बोलायची गरज आहे, बुलढाण्याला समुपदेशन केंद्रात न्या," असं त्यांनी सांगितलं. तिला राजी करण्यात उन्हाळा गेला, आणि आता ती स्वतःहून तयार झाली होती.

मी कामं ओळीने लावणारी बाई आहे. आधी फोन, मग तारीख, मग बस, मग डबा. पण या केंद्राचं काम पहिल्याच ओळीवर, फोनवरच अडलं. कधी लागायचा नाही, लागला तर कोणी उचलायचं नाही, उचललाच तर "उद्या करा." मी पापड लाटताना फोन मांडीवर ठेवून पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी तारीख मिळाली तीही पार पुढच्या महिन्यातली.

त्या दिवशी मलकापूरहून बस पकडून, राजूरचा घाट चढून गेलो तर केंद्राच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम आज शिबिराला गेल्या. मेसेज टाकला होता ना तुम्हाला."

मेसेज दिराच्या मोबाइलवर गेला होता. आमच्याकडे कागद कोणाचाही असो, नंबर घरच्या पुरुषाचाच लिहितात. दिराचं वेल्डिंगचं दुकान. त्याने तो मेसेज बँकेचा समजून उघडलाच नव्हता.

परतीच्या घाटात जाऊ खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "राहू द्या ताई. मी लय तरास देऊन राह्यली तुमाले."

"एक डाव अजून. माह्यासाठी."

"एकच. मंग नका म्हणू मले."

तिने एकदा नाही म्हटलं की ते नाहीच असतं. म्हणजे आमच्या हातात आता एकच फेरी होती.

दुसरी तारीख मिळाली तेव्हा मी स्वतःचा नंबर दिला आणि आदल्या दिवशी फोन करून खात्रीही केली. सकाळच्या पहिल्या बसने निघालो. केंद्र उघडण्याआधी दारात हजर! काउंटरवर तिचं आधार कार्ड दिलं, त्याने त्यावरून नाव उतरवून घेतलं. "बसा, आवाज देतो." मला इतका हुरूप आला होता की बाकावर टेकवत नव्हतं.

बाकावर आमच्या शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणारी एक मुसलमान मावशी बसली होती, मुलाला घेऊन आलेली; मी तिला खाला म्हणू लागले. तिने बघता बघता आमचा सगळा इतिहास काढून घेतला. मग जावेच्या मनगटाकडे बघून म्हणाली, "काऊन ओ बाई, हात खाली? एक बांगडी नाही? माझ्या दुकानात आली असती तर अशी सोडली नसती तुले." जाऊ किंचित हसली. मी ते हसू पाहिलं आणि माझ्या मनात बँड वाजायला लागला.

दुपार झाली. आतून एकेक नाव पुकारलं जात होतं. एका बाईचं नाव मात्र दोनदा पुकारलं, तिन्ही शब्द स्पष्ट, तरी कोणी उठेना.

"कोण आहे ही?" मी खालाला म्हटलं. "नंबर लावून ठेवते अन् फिरायले जाते. लोकांचा खोळंबा."

"चहा प्यायला गेली असंल," खाला म्हणाली.

हळूहळू बाकं रिकामी झाली. खालाचा मुलगाही आत जाऊन आला. मॅडमनी पर्स खांद्याला लावलेली मला उघड्या दारातून दिसली. मी काउंटरवर धडकले. "आमचा नंबर कधी?"

"तुमचा? दोनदा पुकारला की. गैरहजर लिहिलं."

त्याने वही फिरवली. मी वाचलं आणि मागे जावेकडे वळले. हे नाव मला माहीत होतं! तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा ते ताट मीच धरलं होतं. जुनं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं त्या दिवशी मागे पडलं. आधार कार्डावर तेवढं राहिलं होतं. मी तर ते पार विसरले होते, पण ती कशी विसरेल?

"तुले ऐकू नाही आलं?"

"आलं ना."

"मंग उठली काऊन नाहीस?"

"आई गेल्यावर त्या नावानं कोनी हाक नाही मारत मले. मले वाटलं, डोक्यातच ऐकू येऊन राह्यलं. घरी बी येते कधी कधी. म्हनून गप बसली. सांगितलं असतं तर तुमी म्हनले असते, येडी झाली."

मला रडू आलं असतं, पण वेळ कुठे होता? मॅडम पायरीपर्यंत पोचल्या होत्या. मी पदर खोचला आणि धावले. "मॅडम, थांबा! ती इथेच आहे, सकाळपासून इथेच आहे!" मागून खालाही ओरडली, "हो मॅडम, मी बी पाहिली!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिला त्याच नावाने हाक मारली. जाऊ उठली. मीही मागे निघाले, सगळं नीट सांगायला.

"तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. दार लागलं.

आत काय झालं ते मला माहीत नाही. एकदा मोठ्याने रडणं ऐकू आलं. मग बराच वेळ तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती, न थांबता! मी आणि खाला एकमेकींचे हात धरून बसलो होतो. खालाची बस गेली होती, तरी ती उठली नाही.

बाहेर आल्यावर काउंटरवाल्याने पुढची तारीख दिली, पुन्हा दीड महिन्याची. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात जाऊ पुढे झाली. तिने स्वतःच्या मोबाइलचा नंबर सांगितला आणि तो लिहून होईपर्यंत वहीत बघत उभी राहिली.

"आवाज याच नावानं द्या," ती त्याला म्हणाली. "मी उठीन."